पट्टा दिला, पण अडकवायचा कुठे?



काही वर्षांपूर्वीच्या जून महिन्यातली गोष्ट आहे. पहिला पाऊस पडून गेला होता. शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडचं छप्पर गळायला लागलं, म्हणून ठेकेदाराने सकाळी ठिय्यावरून चार माणसं गाडीत बसवून नेली. त्यात आमच्या वस्तीतला एक तिशीतला माणूस होता. अशा शेडवर सिमेंटच्या पत्र्यांच्या रांगेत उजेडासाठी मधेमधे फायबरचे पत्रे बसवलेले असतात. त्यांच्यावर दहा-बारा वर्षांची धूळ आणि काळं शेवाळ बसलं, की वरून दोन्ही पत्रे सारखेच दिसतात. त्याचा पाय फायबरवर पडला. खाली मशीन होती. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. कागदपत्रं शोधताना त्याच्या बायकोने खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची पेटी. आत हेल्मेट होतं, बूट होते, चमकतं जाकीट होतं आणि प्लास्टिकच्या पिशवीत सुरक्षा पट्टा होता. पिशवीची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. मला राग आला. त्याच्यासोबत त्या दिवशी छपरावर असलेल्या माणसाला मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "अरे, पट्टा घरी ठेवून कसे गेलात तुम्ही?"

तो शांतपणे म्हणाला, "ताई, पट्टा हाये ना. पण वर गेल्यावर अडकवाचा कुठी?"

मी वर्षानुवर्षं वस्त्यांमधून "सुरक्षेची साधनं वापरा" असं सांगत फिरणारी बाई. समाजशास्त्रात एम. ए. केलेली. माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण पट्टा हे अर्धंच साधन आहे. उरलेलं अर्धं साधन छपरावर असावं लागतं. पक्का खुंटा, ताणलेला तारेचा दोर, पत्र्यांवर आडव्या टाकलेल्या फळ्या, फायबरच्या खाली लोखंडी जाळी. ते अर्धं साधन मालकाच्या इमारतीचा भाग आहे, आणि त्याचा खर्च मालकाने करायचा असतो. सरकारने कामगाराच्या हातात पट्टा ठेवला आणि फोटो काढला. मालकाच्या छपराला हात लावला नाही. उद्या माणूस पडला, की "पट्टा दिला होता, त्यानेच वापरला नाही" असं म्हणायला सगळे मोकळे.

हा लेख त्या उरलेल्या अर्ध्याबद्दल आहे. ते छपरावर आणायचं असेल तर सरकार आणि कामगार संघटना यांना एकत्र काम करावं लागेल. पण ते कोणत्या अटींवर, यावर आपल्या चळवळीत स्पष्ट बोलायची वेळ आली आहे.

नशीब नावाचा साक्षीदार

त्या मृत्यूचा मर्ग दाखल झाला. पंचनाम्यात पाय घसरून पडल्याची नोंद झाली. ठेकेदाराने शंभराच्या स्टॅम्प पेपरवर आपसी समझोता करून घेतला, थोडे पैसे दिले आणि म्हणाला, "नशीब होतं बिचाऱ्याचं." नातेवाइकांनीही मान हलवली.

आपण बौद्ध आहोत. आपल्या घरात बुद्धाची मूर्ती आहे, भिंतीवर बाबासाहेब आहेत. तथागतांनी सांगितलं की कारणाशिवाय काहीही घडत नाही. मग आपल्या माणसाच्या मृत्यूपाशीच आपण कारण शोधणं का थांबवतो? पाय घसरला हे कारण नव्हे. पाय कुणाचाही घसरतो. तो घसरल्यावर माणूस खाली का जातो, हा प्रश्न आहे.

सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन पेलण्यासाठी बनवलेलाच नसतो. तो ऊन-पाऊस अडवण्यासाठी असतो. म्हणून जुना कामगार नवख्याला सांगतो, बोल्टच्या रेषेवरूनच चाल. त्या रेषेखाली लोखंडी आडवी पट्टी असते. म्हणजे तीस फूट उंचीवर माणसाने हाताच्या पंजाएवढ्या रुंदीवरून पत्रा उचलून चालायचं. जूनमध्ये चालायचं, कारण गळती जूनमध्येच कळते. ओल्या पत्र्यावरून चालायचं, कारण मालकाला काम पाऊस वाढायच्या आत हवं. आणि घाईने चालायचं, कारण ठेका नगावर असतो, दिवसावर नसतो. फळ्या टाकायच्या, त्या सरकवत सरकवत जायचं म्हटलं तर एका दिवसाचं काम दोन दिवस चालतं. तो दुसरा दिवस वाचवला जातो. त्या वाचवलेल्या एका दिवसाच्या मजुरीला आपण नशीब म्हणतो.

आणि छपरावर कोण चढतं? कुठल्याही ठिय्यावर सकाळी सातला उभे राहा आणि माणसं मोजा. आपली पोरं, आदिवासी, वडार, बंजारा, कर्जात बुडालेला भूमिहीन, बिहार-छत्तीसगडचा परप्रांतीय. छपराच्या खाली मशीनवर बसणारा कायम कामगार वेगळा असतो, ऑफिसातला सुपरवायझर वेगळा असतो. जात नुसती कामं वाटत नाही, ती काम करणाऱ्यांनाच एकमेकांच्या वर-खाली बसवते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडलं. गंमत बघा, या उतरंडीत जो सगळ्यात खाली, त्यालाच सगळ्यात उंचावर चढवलं जातं.

छपरावरून पडण्याआधी तो कायद्यातून पडतो

कोणी म्हणेल, कायदे आहेत की. आहेत ना. भरपूर आहेत. १९९६ चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा होता. न्या. कृष्ण अय्यर यांच्या नेतृत्वाखाली बांधकाम कामगार संघटनांनी देशभर मोहीम चालवली, म्हणून तो आला. सरकारने आपणहून दिलेला नाही. १९९८ च्या केंद्रीय नियमांत उतरत्या छपरांसाठी वेगळं प्रकरण होतं. पत्र्यांवर टाकायच्या फळ्यांचाही त्यात उल्लेख होता. कागदावर सगळं होतं.

पण हा कायदा दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला लागू होता. सुरक्षा समिती, जिथे कामगारांचे प्रतिनिधी मालकासमोर बसत, ती पाचशे कामगार असतील तिथे होती. छपरावर जाणारी टोळी चार-पाच जणांची असते. म्हणजे ज्या कामात माणूस सगळ्यात सहज मरतो, त्या कामाला समिती नाही, सुरक्षा अधिकारी नाही.

दुसरी गंमत. काम कारखान्याच्या छपरावर असेल, तर बांधकाम कायदा म्हणायचा, कारखाना अधिनियम लागू असलेलं काम माझ्यात येत नाही. कारखाना अधिनियमाने कंत्राटी माणसालाही कामगार मानलं होतं आणि उंचावरच्या कामाची जबाबदारी कारखान्यावर टाकली होती. पण प्रत्यक्षात आम्ही कामगार आयुक्तांच्या कार्यालयात गेलो, तिथून औद्योगिक सुरक्षा संचालनालयाकडे पाठवलं, तिथून ठेकेदाराचा करार आणा म्हणून सांगितलं. करार कुठला? ठिय्यावरच्या माणसाचा करार तोंडी असतो. मालकाचं म्हणणं तर आणखी सोपं होतं. आमचा धंदा सुटे भाग बनवण्याचा, छप्पर दुरुस्तीचा नाही. त्यामुळे तो माणूस आमचा नाही.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. सुरक्षेच्या संहितेत बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादा २५० कामगारांवर आणली. पाचशेवरून अडीचशे, चांगलं आहे. पण पाच जणांच्या टोळीला पाचशे काय आणि अडीचशे काय! स्वतःच्या राहत्या घराचं पन्नास लाखांपर्यंतचं काम तर बांधकामाच्या व्याख्येतूनच बाहेर आहे. कामगाराला जिवाचा धोका दिसला तर तो मालकाला आणि निरीक्षकाला कळवू शकतो. मालकाची खात्री पटली तर तो उपाय करेल, नाही पटली तर निरीक्षक ठरवेल. तोवर माणूस कुठे उभा असेल? छपरावरच. आणि त्या निरीक्षकाच्या पदनामातही आता मालकाला सोय करून देण्याचं काम जोडलं आहे.

बाबासाहेबांनी काय उभं केलं होतं

आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, सरकारशी सहकार्य म्हणजे दलाली. संघर्ष करायचा, टेबलावर बसायचं नाही. मला हे ऐकून आश्चर्य वाटतं. कारण या देशात सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलावर बसवण्याची पद्धत रुजवली ती बाबासाहेबांनीच.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. ७ ऑगस्ट १९४२ रोजी दिल्लीत त्यांच्या अध्यक्षतेखाली मजूर परिषद भरली. तोपर्यंत मजुरांचे कायदे सरकारी अधिकारी आपसात ठरवत. या परिषदेत मालक आणि कामगार दोघांचे प्रतिनिधी बसले, आणि परिषद व स्थायी समिती अशी कायमची रचना ठरली. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधी आला. कोळशावर उपकर लावायचा, त्यातून कामगारांसाठी खर्च करायचा, आणि सल्ला द्यायला मालकांबरोबर कामगारांचे प्रतिनिधी असलेली समिती. आज बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर घेऊन कल्याणकारी मंडळ चालतं, ती हीच कल्पना आहे.

पण बाबासाहेब तिथेच थांबले नाहीत. १९४३ मध्ये त्यांनी मालकांनी कामगार संघटनेला मान्यता देणं सक्तीचं करणारं विधेयक आणलं. यातलं तर्कशास्त्र समजून घ्या. टेबल मांडलं, पण टेबलावर बसणाऱ्या कामगाराच्या पाठीशी मान्यताप्राप्त संघटना नसेल, तर तो तिथे पाहुणा ठरतो. आणि हेच बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध मुंबईत संपात उतरले होते, कारण त्या विधेयकाने संपाचा हक्क हिरावला जात होता. संप करणारा माणूस आणि टेबल मांडणारा माणूस एकच होता. एका हातात संपाचा हक्क असला, तरच दुसऱ्या हाताने सही करण्याला किंमत असते.

त्या त्रिपक्षीय परिषदेचं पुढे काय झालं? ४६ वी भारतीय श्रम परिषद जुलै २०१५ मध्ये झाली. त्यानंतर ती वर्षानुवर्षं भरलीच नाही. मधल्या काळात चार श्रमसंहिता संसदेत मंजूर झाल्या. ज्यांच्या जगण्या-मरण्याचे कायदे बदलले, त्यांच्यासाठी बाबासाहेबांनी मांडलेलं टेबल गुंडाळून ठेवलेलं होतं. १४ एप्रिलला मात्र सगळे हार घेऊन येतात.

संघटनांनाही आरसा दाखवू या

सरकारला शिव्या देऊन मोकळं होणं सोपं आहे. संघटनांचं काय? मुंबईच्या गिरण्यांमध्ये विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ होई. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. लाल बावट्याखालीही चुलीचा विटाळ होता. आजही मोठ्या कारखान्याची युनियन गेटच्या आतल्या कायम कामगारासाठी बोनसचा करार करते आणि त्याच गेटच्या आत छपरावर चढलेल्या ठिय्याच्या माणसाकडे मान वर करून बघत नाही. तो आमचा सभासद नाही म्हणे!

आणि ठिय्यावर ज्या नव्या 'संघटना' उगवल्या आहेत, त्यांचं काय सांगावं? नव्वद दिवसांच्या दाखल्याचे पैसे, ऑनलाइन अर्जाचे पैसे, पेटी मिळाली की पुन्हा पैसे. मी अशा दोन पुढाऱ्यांना विचारलं, तुमच्या किती सभासदांच्या कामाची जागा तुम्ही पाहिली? एकाने उलट विचारलं, जागा पाहून काय करायचं? सरकारलाही अशीच संघटना सोयीची असते. तिच्याशी सहकार्य करणं म्हणजे पेट्या वाटपाच्या मंडपात खुर्च्या मांडणं.

उपकराच्या पैशांची कथा तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९ मार्च २०१८ च्या निकालात न्यायालयाने कामगारांचा निधी पडून राहिल्याबद्दल आणि त्यातून लॅपटॉप, वॉशिंग मशीन यांसारख्या वस्तूंवर खर्च झाल्याबद्दल राज्यांना खडसावलं. १९९६ च्या कायद्याने तर मंडळावर सरकार, मालक आणि कामगार यांचे समान संख्येने सदस्य असावेत आणि किमान एक स्त्री असावी असं सांगितलं. आपल्या राज्याच्या मंडळावर कामगारांच्या खुर्चीत कोण बसलं, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? आपण विचारलं नाही, म्हणून कोणी सांगितलं नाही.

सहकार्याची कसोटी

मग खरं सहकार्य कोणतं? माझी कसोटी एकच आहे. काम थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे? तो फक्त मालक आणि अधिकाऱ्याकडे असेल, तर बाकी सगळं शिबिर आणि फोटो.

स्वीडनमध्ये ज्या लहान कामाच्या ठिकाणी सुरक्षा समिती नसते, तिथे कामगार संघटना आपला प्रादेशिक सुरक्षा प्रतिनिधी पाठवते. १९७४ पासून ही पद्धत सर्व क्षेत्रांत आहे. त्याच्या खर्चाचा काही भाग सरकार देतं. जिवाला तातडीचा गंभीर धोका दिसला तर हा प्रतिनिधी सरकारी निरीक्षक येईपर्यंत काम थांबवू शकतो. म्हणजे सरकार पैसा आणि कायद्याचं बळ देतं, आणि संघटना माणूस व कामाची माहिती देते. दोघं आपापल्या जागी राहतात आणि कुणी कुणाच्या खिशात जात नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८८ चा बांधकाम सुरक्षेचा करार क्रमांक १६७ छपरावरच्या आणि नाजूक पत्र्यांवरच्या कामाबद्दल स्पष्ट बोलतो. धोक्याच्या जागेवरून बाजूला होण्याचा कामगाराचा हक्क मानतो. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही.

कोणी म्हणेल, स्वीडन कुठे आणि आपण कुठे. मग महाराष्ट्राकडे बघा. ज्याला एक मालक नाही, जो रोज वेगळ्या दारात ओझं उचलतो, अशा हमालासाठी याच राज्याने १९६९ चा माथाडी कायदा केला. मालक आणि कामगार दोघांची नोंद, दोघांचे प्रतिनिधी असलेली मंडळं, मजुरी मंडळामार्फत. अण्णासाहेब पाटलांच्या मागे माथाडी रस्त्यावर उभा होता, म्हणून ते झालं. बाजारातल्या हमालासाठी जे जमलं, ते ठिय्यावरच्या पत्रेवाल्यासाठी का जमू नये?

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या हव्यात.

पहिली, प्रत्येक औद्योगिक वसाहतीसाठी आणि मोठ्या ठिय्यासाठी संघटनांनी निवडलेले सुरक्षा प्रतिनिधी हवेत. त्यांना उपकर निधीतून मानधन, कुठल्याही शेडमध्ये जाण्याचा हक्क आणि काम थांबवण्याचा हक्क हवा. टोळी पाच जणांची असली तरी.

दुसरी, छपरावर माणूस चढण्याआधी लेखी परवाना हवा. खुंटा आहे का, फळ्या आहेत का, फायबरखाली जाळी आहे का, याची तपासणी झाल्याशिवाय शिडी लागता कामा नये. त्या कागदावर मालकाची सही हवी, फक्त ठेकेदाराची नको.

तिसरी, नव्या शेडचा नकाशा मंजूर करतानाच छपरावर पट्टा अडकवायची कायमची सोय बंधनकारक करा. पायऱ्या आणि अग्निशमन जसे नकाशात असतात, तसा खुंटाही असू दे.

चौथी, छपरावरच्या प्रत्येक मृत्यूच्या चौकशीत संघटनेचा प्रतिनिधी हवा आणि अहवाल जाहीर व्हायला हवा. मर्ग लिहून फाईल बंद, हे चालणार नाही.

पाचवी मागणी सरकारच्या स्वतःच्या खिशाशी जोडलेली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल, ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद. पॅनेल आपोआप छपरावर उडत जात नाहीत. ते खांद्यावर घेऊन कोणीतरी चढतं. अनुदान सरकारचं आहे, तर अट घालण्याचा अधिकारही सरकारचाच आहे. सुरक्षेची सोय नाही तर अनुदान नाही, एवढं एक वाक्य आदेशात घालायला संसदेत कायदा करावा लागत नाही.

आपलं काम

मित्रांनो, मनमाडला १९३८ मध्ये रेल्वे कामगारांसमोर बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. आपण पहिल्या शत्रूवर खूप लिहितो. दुसऱ्यावर लिहायची वेळ आली, की ते कम्युनिस्टांचं काम म्हणून सोडून देतो. आरक्षण, शिष्यवृत्ती, ॲट्रॉसिटी, हे प्रश्न आपलेच आहेत आणि राहतील. पण सरकारी नोकरी मिळणारा आपल्यातला एक, आणि ठिय्यावर उभा राहणारे कितीतरी. त्यांच्यासाठी आपली वैचारिक शिबिरं काय देतात?

विहारात रविवारी वंदनेनंतर अर्धा तास काढा. वस्तीतून छपरावर कोण जातं, कोणत्या ठेकेदाराकडे जातं, याची वही करा. कामाच्या जागेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायला शिकवा. उद्या मालकाने 'तो आमचा नव्हताच' म्हटलं, तर तो फोटो बोलेल. वकिलीचं शिकणाऱ्या पोरापोरींनी भरपाईचे दावे समजून घ्या, स्टॅम्प पेपरवर अंगठा उठण्याआधी त्या घरात पोचा. माहितीच्या अधिकारात विचारा, आपल्या जिल्ह्यात उपकर किती जमला आणि सुरक्षेच्या तपासणीवर किती खर्च झाला. आणि संघटना नसेल तर नोंदवा. टेबलावर जायचंच आहे, पण रिकाम्या हाताने नाही.

त्या माणसाची बायको आता धुणीभांडी करते. पेटी अजून खाटेखालीच आहे, त्यात मुलीची वह्या-पुस्तकं असतात. पट्टा तिने एका ओळखीच्या पोराला देऊन टाकला. तो पोरगा सध्या सौर पॅनेल बसवायला जातो. मागच्या आठवड्यात भेटला तेव्हा मी त्याला विचारलं, पट्टा वापरतोस का?

तो हसला. "ताई, वर खुंटा कुठं हाये?"

जय भीम. नमो बुद्धाय.